२००८ च्या सोयाबीनचा उशिरा केलेला पंचनामा

पंचनाम्याच्या कागदावर गट क्रमांक येतो, बाधित क्षेत्र येतं, पिकाचं नाव येतं. वाणाचं नाव बहुधा येत नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये विदर्भ-मराठवाड्यात अळीनं सोयाबीन फस्त केलं, तेव्हा नुकसान नुसतं 'सोयाबीन'चं म्हणून लागलं. शिवारात उभं होतं ते मात्र मोठ्या प्रमाणावर एकाच वाणाचं: जेएस ३३५, गावच्या बोलीत 'तीनशे पस्तीस'. तो रकाना कोरा राहिल्यामुळे त्या वर्षाबद्दल दोन सोपी वाक्यं रूढ झाली. पहिलं, 'अळीच एवढी होती की कुठलाच वाण टिकला नसता.' दुसरं, 'तीनशे पस्तीस जुनं झालं होतं, त्यात दम राहिला नव्हता.' मला दोन्ही अर्धवट वाटतात. त्या हंगामात वाणानं नेमकं काय सोसलं आणि कुठे हात टेकले, हे तपासायला ते प्रकरण पुन्हा उघडतो आहे.

घडलं काय

राज्यात तेव्हा सोयाबीन तीस लाख हेक्टरच्या आसपास होतं. ज्वारी, मूग, उडीद मागे सारून ते पुढे आलं होतं, काही भागांत कपाशीलाही त्यानं हटवलं होतं. एका शिवाराला लागून दुसरं शिवार, सगळीकडे तेच पीक आणि पेरणीही आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानं झालेली. जून बरा गेला, जुलैत पावसानं ओढ दिली, आणि पीक फुलोऱ्यात येता येता अळी दिसू लागली. मुख्य आरोपी तंबाखूवरची पानं खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा. सोबतीला उंटअळ्या आणि शेंगा पोखरणारी घाटेअळी.

सरकारी हिशेबात नुकसानीचा आकडा सुमारे १,३९२ कोटी रुपयांचा होता, आणि शेतकऱ्यांना सुमारे ४५० कोटींची मदत वाटली गेली. मधली दरी कुणी भरून काढली हे वेगळं सांगायला नको.

स्पोडोप्टेराची खोड समजली नाही तर पुढचं कळणार नाही. मादी पतंग पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर स्वतःच्या अंगावरची तपकिरी लव पांघरते. एका पुंजक्यात शेकड्यांनी अंडी. निघालेल्या बारीक अळ्या काही दिवस एकाच पानावर घोळक्यानं राहतात आणि हिरवा भाग खरवडतात. पान जाळीदार, कागदासारखं पांढुरकं दिसतं. या दिवसांत एक पान तोडून बुडवलं की शेकडो अळ्या संपतात. त्यानंतर त्या पांगतात. मोठ्या झाल्या की दिवसा ढेकळाखाली, जमिनीच्या भेगांत दडून बसतात आणि रात्री चरतात. आयुष्यभर जेवढं खायचं त्यातलं बहुतेक शेवटच्या दोन अवस्थांत खातात. म्हणूनच 'परवापर्यंत काही नव्हतं हो, दोन रात्रींत चाळणी झाली' असं शेतकरी सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. अळी दोन आठवडे तिथेच होती. पोट मोठं झालं ते परवा. आणि तोवर ती साध्या फवारणीला दाद देईनाशी झालेली असते.

तीनशे पस्तीसची बाजू

जेएस ३३५ मध्य प्रदेशातल्या सिहोर केंद्राचा वाण, १९९४ सालचा. जेएस ७८-७७ आणि जेएस ७१-०५ यांच्या संकरातून आलेला. जांभळी फुलं, बियाच्या डोळ्याशी काळा डाग, शेंगेवर लव नाही, ९५ ते १०० दिवसांत काढणीला येणारा. शेंगा सहसा तडकत नाहीत, त्यामुळे मजूर चार दिवस उशिरा मिळाले तरी जीव भांड्यात. हलक्या जमिनीत निभावतो, भारीत चांगला देतो. मध्य भारतात सोयाबीन रुजलं त्यात या एका वाणाचा वाटा फार मोठा आहे. घरचं बियाणं धरता येतं, हे त्यातलं अर्धं गुपित.

चौदा वर्षं हा वाण किडीचा बऱ्यापैकी मार खातच उभा होता. खोडमाशी दर वर्षी, उंटअळ्या बहुतेक वर्षी, चक्रीभुंगा अधूनमधून. उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, फार घटला नाही म्हणून कुणी विचारलंही नाही. म्हणजे सोसण्याची ताकद त्याच्यात होती. मग २००८ मध्ये ती गेली कुठे?

सोसणं म्हणजे नेमकं काय

कीटकशास्त्रात या विषयाची जुनी मांडणी आहे, रेजिनाल्ड पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाची, १९५१ सालची. वाण किडीसमोर तीन तऱ्हांनी उभा राहतो. एक, किडीला तो आवडतच नाही: पानावर दाट लव, जाड साल, न रुचणारा वास. दोन, कीड खाते पण खाऊन तिचं भलं होत नाही: वाढ खुंटते, कोष लहान होतो, अंडी कमी पडतात. तीन, कीड पोटभर खाते, धष्टपुष्ट होते आणि झाड तरीही उतारा देतं. बियाण्याच्या बॅगेवर 'सहनशील' लिहितात ते खरं तर या तिसऱ्या प्रकाराला लागू पडतं. पण बाजारात तिन्हींना तोच एक शब्द वापरला जातो, आणि शेतकरी त्याचा अर्थ 'या वाणावर अळी येत नाही' असा घेतो. येते. सहनशील वाणावर तर मजेत येते.

सोयाबीनला हे सोसणं जमतं कारण ते मुळात उधळं झाड आहे. पानं गरजेपेक्षा जास्त काढतं, फुलं तर कितीतरी जास्त. चांगल्या वर्षीही निम्म्याच्या आसपास फुलं आणि कोवळ्या शेंगा आपोआप गळतात. अळीनं काही फुलं खाल्ली तर झाड उरलेल्यांपैकी कमी गाळतं आणि हिशेब जुळवतं. पानांचंही तसंच. तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, एकमेकांना मिळाले, वरून पाहिलं तर जमीन दिसेनाशी झाली, की खालची पानं सावलीत बसून असतात. वरची थोडी खाल्ली गेली तर ऊन खाली झिरपतं आणि बसून असलेली पानं कामाला लागतात. अमेरिकेतल्या शिफारशी फुलोऱ्यापूर्वी तीसेक टक्के पानं गेली तरी घाबरू नका, फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत वीसेक टक्क्यांवर सावध व्हा, असं सांगतात ते याच जोरावर. (नजरेचा अंदाज इथे फसवतो. शेंड्याकडची भोकं पाडलेली पानं डोळ्यांत भरतात आणि माणूस पंधरा टक्क्यांना चाळीस म्हणतो. झाडाच्या वरचं, मधलं, खालचं अशी पानं तोडून बघितल्याशिवाय आकडा बोलू नये.)

ही उधळपट्टी म्हणजे झाडाची शिल्लक. २००८ मध्ये ही शिल्लक आधीच संपत आली होती.

जुलैच्या उघडिपीत, विशेषतः हलक्या मुरमाड रानात, झाडं गुडघ्याएवढीही झाली नव्हती. पंचेचाळीस सेंटिमीटरवरचे तास मिळालेच नाहीत. मधे उघडी जमीन दिसत असेल तर झाडाचं एकही पान 'जास्तीचं' नसतं. प्रत्येक पान कामावर असतं. अशा झाडाची वीस टक्के पानं जाणं आणि दाट छत्री धरलेल्या झाडाची वीस टक्के पानं जाणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परदेशी टक्केवारी आपल्या कोरडवाहू शिवारात जशीच्या तशी लावू नये असं मी म्हणतो ते यासाठी.

दुसरी गोष्ट वेळेची. अळीचा जोर झाला तो फुलोरा आणि शेंगा धरण्याच्या दिवसांत. पेरणीनंतर पंचवीस दिवसांनी सगळी पानं गेली असती तरी पाऊस आल्यावर झाडानं नवी काढली असती. तेवढे दिवस हातात होते. शेंगा धरू लागल्यावर झाडाचं लक्ष पानांवरून निघतं. नवी पानं जवळजवळ थांबतात आणि असलेल्या पानांच्या कमाईवर दाणा भरायचा असतो. त्या वेळी गेलेलं पान परत येत नाही. शिवाय स्पोडोप्टेरा मोठी झाल्यावर पानांपाशी थांबत नाही, कोवळ्या शेंगाही कुरतडते. उंटअळ्या फुलं-कळ्या खातात. म्हणजे कमावता हात आणि ज्याच्यासाठी कमवायचं ते बाळ, दोन्हींवर एकदमच घाला.

थोडक्यात, तीनशे पस्तीसची सहनशीलता खोटी नव्हती. ती ओलीवर आणि उरलेल्या दिवसांवर टिकून होती. ओल जुलैनं नेली, दिवस फुलोऱ्यानं. सगळीकडे तोच वाण आणि एकाच सुमाराची पेरणी, त्यामुळे सगळ्या शिवाराचा कच्चा काळ एकाच आठवड्यात आला. अळीसाठी तर अंगत-पंगतच. एका शेतातलं संपलं की रात्रीत बांध ओलांडून पुढच्या शेतात, आणि तिथेही ताट तसंच वाढलेलं.

पण कोणत्या किडीला सहनशील?

पान खाणाऱ्या अळीपुरतं हे झालं. खोडाच्या किडींचा खेळ निराळा आहे, आणि बॅगेवरच्या त्या एका शब्दाचा घोळ इथे जास्त होतो.

खोडमाशी म्हणजे दोनेक मिलिमीटरची काळी चकाकती माशी. अळी पानाच्या शिरेतून देठात, देठातून खोडात उतरते आणि आतला गाभा पोखरते. रोप आठ-दहा दिवसांचं असताना लागली तर रोप सुकून जातं, तासात मोकळ्या जागा पडतात. उशिरा लागली तर झाड बाहेरून हिरवंगार, तरारलेलं. खोड उभं चिरल्याशिवाय आतली लालसर नागमोडी पोखरण दिसत नाही. महाराष्ट्रात काही शेतांत काढणीच्या वेळी दहा खोडं चिरली तर बहुतेकांत पोखरण सापडते, आणि शेतकरी म्हणतो, 'आमच्याकडं खोडमाशी नाही.' त्याचा वाण ती सोसत असतो; किंमत दाण्याच्या वजनात मोजली जाते, म्हणून दिसत नाही. संशोधक यासाठी पोखरणीची लांबी मोजून खोडाच्या एकूण लांबीशी तिची टक्केवारी काढतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस १५८ हा वाण खोडमाशीला सहनशील म्हणून शिफारशीत आहे. किडीचं नाव घेऊन केलेली ही शिफारस मला आवडते. पण म्हणून तो स्पोडोप्टेराही सोसेल असा अर्थ त्यातून निघत नाही.

चक्रीभुंग्यापुढे तर सोसण्याची भाषाच मर्यादित होते. मादी देठावर, फांदीवर किंवा खोडावर दोन गोल चक्रं पाडते आणि मधल्या भागात अंडं घालते. चक्राच्या वरचं पान लोंबतं, सुकतं. लवकर झालं तर झाड बगलेतून फांद्या काढतं आणि शेजारची झाडं मोकळ्या जागेत पसरतात. एका झाडाचं नुकसान तास भरून काढतो. सोयाबीनची सहनशीलता अशी झाडाची असते तशी तासाचीही असते. पण आत शिरलेली अळी पोखरत खाली जाते आणि पीक पक्व होताना जमिनीपासून वीतभर उंचीवर खोड आतून कापते. झाड शेंगांसकट आडवं. त्या वेळी भरपाईला दिवसच उरलेले नसतात. इथे वाणाच्या ताकदीपेक्षा सुरुवातीच्या आठवड्यांत लोंबणारं पान चक्राच्या खालून तोडून बांधाबाहेर नेणारे हात जास्त कामाचे. ते मिळत नाहीत, हे खरं दुखणं.

पिवळ्या मोझॅकचं, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाचं, तर सांगायलाच नको. पांढरी माशी रस किती शोषते याला सोयाबीनमध्ये फार महत्त्व नाही; ती विषाणू सोडून जाते ते महत्त्वाचं. २०२३ च्या सप्टेंबरात विदर्भात पिवळी पडलेली शेतं पाहिलेल्यांना ते आठवत असेल. तिथे वाण विषाणूला प्रतिकारक आहे का एवढंच विचारायचं. माशी किती सोसतो हा प्रश्न निरर्थक.

मोजायचं कसं

अळ्या मोजून सहनशीलता कळत नाही. कमी अळ्या दिसल्या तर वाण नावडता असेल किंवा त्या वर्षी अळीच नसेल. म्हणून एकाच वाणाचे दोन तुकडे पेरतात. एकाला फवारणीनं पूर्ण संरक्षण, दुसरा किडीच्या हवाली. दोन्हींचा उतारा काढला की फरक म्हणजे त्या वाणानं भरलेली किंमत. देशातल्या सोयाबीन संशोधनात या आकड्यांवरून वाणांचे चार गट पाडण्याची पद्धत वापरली जाते. ओडुलाजा आणि नोकोए यांनी ती १९९३ मध्ये मांडली. प्रतिकारक आणि जास्त उताऱ्याचे, प्रतिकारक पण कमी उताऱ्याचे, बळी पडणारे पण जास्त उताऱ्याचे, आणि दोन्हींकडून गेलेले.

यातला तिसरा गट मला सर्वांत बोलका वाटतो. समजा एक वाण संरक्षणात एकरी दहा क्विंटल देतो आणि किडीत साडेसात. दुसरा संरक्षणात सहा देतो, किडीत साडेपाच. टक्केवारीनं दुसरा फारच सहनशील. शेतकरी मात्र पहिलाच पेरणार, आणि त्याचं बरोबर आहे, कारण पडलेला उतारासुद्धा दोन क्विंटलनं जास्त आहे. संशोधन केंद्रात 'प्रतिकारक' म्हणून नाव कमावलेले कित्येक वाण शेतात का दिसत नाहीत, याचं उत्तर इथे आहे.

अमेरिकेचा अनुभवही याच वाटेचा. १९७१ मध्ये दक्षिण कॅरोलायनात तीन जपानी सोयाबीन वाणांत पानं खाणाऱ्या भुंगेऱ्याला चांगला प्रतिकार सापडला. त्यांची पानंच किडीला मानवत नव्हती. पुढची कितीतरी वर्षं पैदासकार ते गुण चांगल्या वाणांत आणायला झटले, पण प्रतिकाराबरोबर कमी उताराही खेचला जाई. बाजारात आलेले वाण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि शेतकऱ्यांनी त्यांना फार जवळ केलं नाही.

नंतर काय बदललं

२००८ च्या धक्क्यातून २००९ च्या खरिपापासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण प्रकल्प उभा राहिला. गावोगाव ठरावीक आणि यादृच्छिक शेतांत कीड मोजायची, आकडे संगणकावर चढवायचे आणि विद्यापीठांनी त्यावरून सल्ला द्यायचा. स्पोडोप्टेरा एका मीटर तासात तीन-चार अळ्या, उंटअळी फुलोऱ्यापूर्वी चार लहान अळ्या, खोडमाशी दहा ते पंधरा टक्के झाडं, हे उंबरठे, म्हणजे जिथे फवारणीचा निर्णय घ्यायचा ते आकडे, त्यातून गावापर्यंत पोचले. काम चांगलं झालं. पण हे उंबरठे सगळ्या वाणांना एकच आहेत. छत्री धरलेल्या भारी जमिनीतल्या पिकाला आणि तास न मिळालेल्या मुरमाडातल्या पिकाला एकच आकडा लावणं प्रशासनाच्या सोयीचं आहे. पिकाच्या सोयीचं असेलच असं नाही.

वाणही बदलले. पाऊस लवकर जातो म्हणून लवकर येणारे जेएस ९५-६०, जेएस ९३-०५, पुढे जेएस २०-३४ शिवारात आले. पाण्याच्या दृष्टीनं शहाणपणाचा निर्णय. पण ८५-९० दिवसांच्या वाणाला पानं परत काढायला दिवस कमी मिळतात, ही बाजू कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर कुणी सांगत नाही. पावसाच्या खंडातून सुटायचं तर अळी सोसण्याची मुदत थोडी गमवावी लागते. दुसऱ्या टोकाला राहुरी विद्यापीठाचे केडीएस ७२६ सारखे उशिराचे, पसरणारे वाण. तांबेरा या बुरशीच्या रोगाला मध्यम प्रतिकारक म्हणून त्यांचं नाव झालं. छत्री मोठी, दिवसही जास्त. पानं खाणारी अळी सोसायला हे बरं, पण दाट पेरलं की लोळतं आणि दाट छत्रीखाली अळी शोधायची म्हणजे कंबर मोडते. मला विचाराल तर मोठ्या रानात दोन वेगळ्या मुदतीचे वाण अर्धे-अर्धे पेरावेत. कच्चा काळ एकाच आठवड्यात येत नाही.

एक तिढा मात्र सुटलेला नाही. सहनशील वाण अळीला पोसतो. ज्याच्या शेतात तो आहे तो निवांत, फवारणी वाचली म्हणून खूश. त्याच्या शेतात वाढलेली पिढी शेजारच्या उशिरा पेरलेल्या सोयाबीनवर जाते. दमट ऑगस्टमध्ये नोमुरिया नावाची बुरशी अळ्यांना मारून पांढऱ्या-हिरव्या काड्यांसारख्या पानांवर चिकटवून ठेवते. तिच्यासाठी थोडी अळी शेतात असणं फायद्याचंही ठरतं. पण हवा कोरडी राहिली तर ती बुरशी येत नाही, आणि बांधावरचं भांडण येतं.

ज्याला आपल्या रानाचा हिशेब हवा असेल त्यानं यंदा एवढं करावं. रानाच्या मध्यावर, बांधापासून लांब, दहा तास वीस पावलं लांबीचे खुणा करून सोडावेत आणि त्यावर एकही कीटकनाशक फवारू नये. बाजूलाच तेवढेच दहा तास नेहमीच्या फवारणीत राहू द्यावेत. दोन वाण असतील तर दोन्हींत हेच. शेंगा भरताना दोन्हीकडची दहा-दहा खोडं चिरून पोखरण वितीनं मोजावी, तास मिळाले होते की नाही ते लिहून ठेवावं, आणि काढणी वेगवेगळी करून तागडीवर तोलावी. चक्रीभुंग्यानं कापून पाडलेली झाडं तोलण्याआधी हातानं वेचून वेगळी मोजावीत. कापणारे मजूर ती जमिनीवरच सोडतात, त्यामुळे मळणीयंत्राच्या आकड्यात ती कधीच येत नाहीत.